गुलाबी कागदावरची नावं

मलकापूर
गुरुवार, दुपार

अहो,

मायना एवढाच. 'तीर्थस्वरूप' लिहिलं असतं तर तुम्ही हसला असता, आणि 'प्रिय' लिहायला माझा हात अजूनही धजत नाही. संसारभर ज्या एका 'अहो'वर तुम्ही पुस्तकातून मान वर काढलीत, तीच हाक पुन्हा मारून बघते. ऐकू आलं तर ठीक, नाही तर नेहमीसारखं 'हं' तरी म्हणा!

आजच का लिहायला बसले? उद्या सकाळी प्रभाकर येणार आहे म्हणून. तोच, तुमचा लाडका विद्यार्थी, जो वर्गात उत्तर द्यायच्या आधी प्रश्नावरच हरकत घ्यायचा. आता कॉलेजात तुमच्याच जागेवर तत्त्वज्ञान शिकवतो. तुमचं लेखन एकत्र करून पुस्तक काढायचं त्यानं मनावर घेतलंय. पुण्याचा प्रकाशक तयार आहे, तिथले एक मोठे प्राध्यापक प्रस्तावना देणार आहेत. फक्त माझा होकार राहिलाय. आणि तोच माझ्या तोंडून निघत नाहीये. मुलांना विचारलं, तर ती म्हणतात, आई, तूच ठरव. मग मी विचारू तरी कोणाला?

प्रभाकर माझ्याशी फार आदरानं बोलतो हो. काकू, काकू करतो. तुमच्या टेबलावरचे सगळे कागद त्यानं बसून वेगळे केले. एका बाजूला तुमचे दर्शनांवरचे लेख, तर्कशास्त्राचं ते पाठ्यपुस्तक आणि तुमच्या अपुऱ्या 'विशेष' ग्रंथाची तीन प्रकरणं. दुसऱ्या बाजूला उरलेलं सगळं. त्या दुसऱ्या ढिगाला त्यानं नाव दिलं, 'फुटकळ'.

फुटकळ! त्यात काय काय होतं सांगू? कपाशीवर औषध फवारताना तोंडाला फडकं बांधा, हे सांगणारं तुमचं ओवीतलं पत्रक. साप्ताहिकात दर आठवड्याला लिहायचात ती चुरचुरीत सदरं, ज्यांच्यामुळे नगराध्यक्ष आपल्याकडे वर्षभर चहाला आले नाहीत. त्याच नगराध्यक्षांच्या सत्काराला तुम्हीच लिहिलेलं मानपत्र! शाळेच्या गॅदरिंगचा वग. नागपूरला रेडिओवर वाचलेलं 'शंका कशी घ्यावी' हे भाषण. बौद्ध वस्तीत नव्या पद्धतीनं पहिलं लग्न लागणार होतं, तेव्हा तिथले मास्तर तुमच्याकडे आले होते. जुन्या साच्यातलं मंगलाष्टक आम्हाला नको, म्हणाले. तुम्ही त्यांच्याबरोबर दोन रविवार बसून नवं गाणं रचलंत, चालसुद्धा लावलीत. ती चाल ऐकून मी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं होतं, आठवतं?

आणि मंगलाष्टकं. त्यांचे कागद त्या ढिगात फारसे नव्हतेच. कारण लिहिलं की मूळ कागदच तुम्ही माणसाच्या हातावर ठेवायचे. तो छापखान्यात जायचा, गुलाबी कागदावर छापून यायचा आणि लग्नाच्या मांडवात वाटला जायचा. आपल्या घरी काय राहायचं? शाईचे डाग, आणि रिकामे कप.

खरं सांगू? पहिल्या दिवशी प्रभाकरच्या त्या दोन ढिगांना मी मनातून मान डोलावली होती. मला तुमचं 'विशेष' हवं होतं. कॉलेज निघालं, आपण मलकापुरात बिऱ्हाड मांडलं, तेव्हापासून त्या पुस्तकाचं नाव मी ऐकत आले. मी तूर निवडायला बसले की तुम्ही सुपातले दोन दाणे उचलायचे.

"हे पाय, दोनी दाने सारखेच हायेत नं? रंग तोच, आकार तोच. मंग हा दाना म्हंजे तो दाना नाई, हे कायनं समजते?"

"मले दोनी निवडा लागतात म्हनून!" मी म्हणायचे.

तुम्ही कितीतरी वेळ हसत राहायचे. मग समजावून सांगायचे की आपल्या जुन्या दर्शनात यालाच 'विशेष' म्हणतात. प्रत्येक वस्तूत असं काहीतरी असतं, जे दुसऱ्या कशातच नसतं. सगळे गुण सारखे असले तरी ती तीच असते. यावर मोठा ग्रंथ लिहायचा, तो मराठीत लिहायचा आणि वऱ्हाडातल्या माणसाला समजेल असा लिहायचा, हे तुमचं स्वप्न. तुमचं म्हणजे माझंही झालं होतं ते. तुम्ही वर्गात पुस्तकातलं बोलायचे आणि घरात पाय ठेवला की "काऊन वं, भाकर झाली काय?" या दोन्ही बोलण्यांना पुरेल असा एक ग्रंथ होईल, असं मला वाटायचं.

पण तो व्हावा कसा? चौथं प्रकरण काढून बसलात की दारात माणूस उभाच. "सर, पोरीचं जमलं." झालं! चौथं प्रकरण बाजूला. मी बाहेरच्या बाहेर सांगायची, सर घरी नाहीत. आणि आतून तुम्हीच ओरडायचे, "हाये, हाये! या नं आत!" मी मग कोणत्या तोंडानं चहा ठेवायचा?

बरं, सुरुवातीला तरी हे काम झटपट व्हायचं. तुमच्याकडे एक तयार मंगलाष्टकच होतं. सूर्य, चंद्र, गृहलक्ष्मी, आईवडिलांचे भरलेले डोळे, सगळं जागच्या जागी. फक्त नावाची जागा रिकामी. माणूस आला की नावं घालायची आणि कागद द्यायचा. तर्कशास्त्रात जसं 'सर्व माणसं मर्त्य आहेत', तसं सर्व नवऱ्या गृहलक्ष्मी आहेत, हे तुमचंच वाक्य. चहा थंड व्हायच्या आत माणूस वाटेला लागायचा. मला हे बरं वाटायचं. त्या अमडापूरच्या लग्नानं घात केला.

अमडापूर माझं माहेर. शेवंता आमच्या शेजारची, माझ्या अंगाखांद्यावर खेळलेली. हिवरा आश्रमाकडच्या ज्ञानदेवशी तिचं जमलं. तुम्हाला कॉलेजात परीक्षा होत्या, म्हणून मी एकटीच लग्नाला गेले, तुमचे गुलाबी कागद पिशवीत घेऊन. काय मिरवले मी त्या दिवशी! जावयानं लिहिलंय, प्रोफेसर जावयानं, म्हणून माझ्या आईनं ते कागद ओळखीच्याला, अनोळख्याला, सगळ्यांना वाटले. अंतरपाट धरला. शेवंताच्या मामानं गळा साफ केला आणि सूर लावला. दोन कडवी झाली. तिसऱ्याच्या शेवटी मामा मोठ्या झोकात म्हणाला,

"जावो ही विमला सुखात सदनी, कुर्यात् सदा मंगलम्!"

विमला! आदल्या आठवड्यातल्या लग्नाची नवरी! तिचाच छापील कागद समोर ठेवून तुम्ही सगळीकडे नाव बदललंत आणि तिथं विसरलात. अर्ध्या लोकांनी अक्षता टाकल्यासुद्धा. मग वऱ्हाडी मंडळींत कुजबुज सुरू झाली. ज्ञानदेवचा मामा पुढे आला.

"थांबा! ही विमला कोन हाये? पोरगी बदलली का काय तुमी?"

शेवंताच्या तोंडावर पदर. अंतरपाट हातात धरून भटजी खांबासारखे उभे. कोणी म्हणे पदर काढा, कोणी म्हणे असं मांडवात नवरीचा पदर काढतात काय? शेवंता पदराआड रडायला लागली. तिच्या बापाचं तोंड पाहवत नव्हतं. शेवटी मीच उठले. त्या भरल्या मांडवात, माझ्या माहेरात, मोठ्यानं म्हणाले, "पोरगी शेवंताच हाये. माह्या डोयासमोर वाढली. चूक आमच्या घरच्या मानसाची हाये, कागद त्याइनं लिवला!"

लग्न लागलं. पण जेवताना सगळ्या पंगतीत 'विमला कुठं बसली' एवढाच विनोद चालला होता. अहो, मी तुमच्यावर किती चिडले होते! परत आल्या आल्या पिशवी आपटली आणि सगळं सांगितलं. तुम्ही हसाल असं वाटलं होतं. तुम्ही हसला नाहीत. "पोरगी रडली काय?" एवढंच विचारलंत. आणि दुसऱ्या दिवशी पेपर तपासायचे सोडून हिवरा आश्रमाच्या एस.टी.त बसलात. मलाही बरोबर नेलंत.

ज्ञानदेवच्या ओट्यावर बसून तुम्ही नव्या नवरीला विचारलं, "तुले काय आवडते, बाई?" ती कशाला बोलते! सासू म्हणाली, सांग की, सर इचारून राह्यले. तेव्हा कुठं शेवंता एवढंच म्हणाली, की बापाच्या मळ्यात चांदन्यात पानी वळवाले आवडे. तुम्ही तिथंच कागद काढलात. आणि तुमच्या त्या भसाड्या आवाजात, अंगणात उभं राहून, सगळ्या आळीसमोर स्वतः म्हटलंत,

"शेवंता फुलली मळ्यात अपुल्या, आले घरी चांदणे..."

ज्ञानदेवचा तोच मामा टाळ्या वाजवत होता. परतताना एस.टी.त तुम्ही दोन तिकिटं काढलीत. मग म्हणालात, "मानूस काई रिकामी जागा नाई वं, की नाव आलं आन् भरून टाकलं. मी ग्रंथ लिवतो 'विशेष'वर, आन् मलेच हे समजू नये?"

त्या दिवसापासून ते तयार मंगलाष्टक बंद. दरेक जोडप्यासाठी नवं. त्यासाठी मुलीला भेटायचं, मुलाला भेटायचं, घर बघायचं. चहा थंड व्हायच्या आत होणारं काम आठवडा खायला लागलं. आणि चौथं प्रकरण तसंच राहिलं. तुमचं पुस्तक या लग्नांनी खाल्लं, हे मी तुम्हाला तोंडावर म्हणायची. आता तुम्ही नाहीत म्हणून मी ते मागे घेणार नाही. खाल्लंच!

तुम्ही गेलात, तेव्हा कॉलेजच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. तुम्हाला सांगायला हवी अशी गंमत तिथं झाली. हो, गंमतच म्हणते. मला रागवा हवं तर.

स्टेजवर तुमचा फोटो, हार, उदबत्त्या. संस्थेचे अध्यक्ष बोलले, प्राचार्य बोलले, प्रभाकर तर फारच छान बोलला. दर्शनं, प्रमाणं, प्रज्ञा. सगळ्यांच्या हातात फुलांच्या पाकळ्या दिल्या होत्या, शेवटी फोटोला वाहायला. मागच्या बाकांवर गावाकडची माणसं बसली होती, पटके, धोतरं, नऊवारी. त्यांच्यातलं कोणी बोलेल असं कोणाच्या मनातही नव्हतं. तेवढ्यात ज्ञानदेव उठला. सोबत शेवंता होती, केसांत थोडी चांदी आलेली.

"मले बी बोलाचं हाये," तो म्हणाला. "पन भाषन काई मले येत नाई."

आणि त्यानं डोळे मिटून सूर लावला. शेवंता फुलली मळ्यात अपुल्या! भर शोकसभेत मंगलाष्टक! अध्यक्ष ताडकन उठले. "अहो, काय चाललंय हे? ही शोकसभा आहे, लग्न नाही!"

"हाव साहेब, मालूम हाये मले," ज्ञानदेव म्हणाला. "पन सरांचं आमच्यापाशी हेच हाये. दुसरं काय म्हनू?"

अध्यक्ष खाली बसले. ज्ञानदेवनं कडवं पुरं केलं. मग मागून एक म्हातारा उठला आणि त्यानं त्याच्या लेकीचं म्हटलं. मग दोघी बहिणींनी मिळून त्यांचं. मग बौद्ध वस्तीतले मास्तर उठले, त्यांनी ते गाणं म्हटलं, तुमच्याच भयानक चालीवर. सगळ्यांची नावं वेगळी, घरं वेगळी. कोणाच्या अंगणातला आंबा, कोणाच्या आजोळचा नाला, कोणाचा लवकर गेलेला बाप, ज्याचं नाव लग्नात घ्यायला बाकी सगळे विसरले होते आणि तुम्ही विसरला नव्हता.

आणि अहो, पहिल्यांदा 'कुर्यात् सदा मंगलम्' आलं तेव्हा काय झालं माहीत आहे? साऱ्या हॉलचे हात आपोआप वर गेले. सवयच ती! हातातल्या पाकळ्या लोकांनी अक्षतांसारख्या उधळल्या. तुमच्या फोटोवर, ज्ञानदेववर, अध्यक्षांच्या टोपीवर! प्राचार्यांनीसुद्धा टाकल्या, मी पाहिलं. मी खळखळून हसले. नणंदबाईंनी चिमटा काढला तरी हसू थांबेना, आणि मग ते हसता हसता कधी रडू झालं ते मला समजलं नाही. तुम्ही गेल्यापासून तोवर मी रडलेच नव्हते.

आता तुम्हाला कळलं ना, माझा होकार का अडलाय?

त्या सभेनंतर मी प्रभाकरला म्हटलं, मंगलाष्टकंही पुस्तकात हवीत. त्यानं डोक्याला हात लावला. मग खूप विचार करून, बिचाऱ्यानं माझ्यासाठी मार्ग काढला. "काकू, थोडी परिशिष्टात घेऊ. पण नावं काढून टाकू. शेवंताच्या जागी वधू, ज्ञानदेवच्या जागी वर. सर्वसामान्य वाचकाला या माणसांशी काय करायचंय? आणि नावांसकट छापलं, तर पुण्याचे सर प्रस्तावना देणार नाहीत. प्रकाशकही मागे सरेल. लोक म्हणतील, तत्त्वज्ञ कसला, हा तर गावातला लग्नाचा कवी. पुन्हा हसतील, काकू."

त्या 'पुन्हा'शी मी थांबले. त्याच्या मनात काय आहे ते मला माहीत आहे. पुण्याच्या परिषदेत तुम्ही निबंध वाचलात, आणि प्रश्नोत्तरात घाईघाईत "मले असं वाटते" म्हणून गेलात. सभागृह हसलं. तुम्ही घरी येऊन ते मजेनं सांगितलंत, नक्कल करून दाखवलीत. पण प्रभाकर तेव्हा तुमच्या शेजारी बसला होता, त्याला ते अजून लागतं. त्याला तुमचं नाव तिथं, त्या लोकांच्या कपाटात, मानानं उभं करायचंय. आणि मला नको आहे का ते? आयुष्यभर दुसरं काय हवं होतं मला? एक हो म्हटलं की तुम्ही पुण्यात ग्रंथकार. नाही म्हटलं की मलकापुरातल्या मलकापुरात.

तुम्ही माझ्यासाठी कधी ओळ लिहिली नाहीत, हा माझा जुना राग तुम्हाला ठाऊक आहे. साऱ्या तालुक्याच्या सुना तुमच्या कागदावर, आणि घरची बायको कुठेच नाही! आज सकाळपासून प्रभाकरच्या त्या 'वधू'चा विचार करत होते आणि एकदम आपलं लग्न आठवलं. ताटात तांदूळ पसरले होते. तुमच्या आईनं माझ्यासाठी सुशीला नाव ठरवलं होतं. तुमच्या हातात अंगठी दिली, तांदळात नवं नाव लिही म्हणाल्या. तुम्ही कितीतरी वेळ तसेच बसलात. बायका खुसुखुसू हसत होत्या. मग तुम्ही लिहिलंत. सासूबाई वाकून बघतात तर काय, गोकर्णा!

"अरे, हे तं तिचं जुनंच नाव हाये!"

"हाव माय," तुम्ही म्हणालात. "म्या हिलेच तं पाहून पसंत केलं. सुशीला लिवलं, तं मंग लगन कोनाशी लागलं माह्यं?"

तेव्हा मला काय राग आला होता! मैत्रिणींना कशी छान छान नवी नावं मिळाली, आणि माझ्या नवऱ्याला एक नाव सुचू नये? किती वर्षं मी हे लोकांना तुमचा वेंधळेपणा म्हणून सांगत आले. माझ्यासाठी ओळ लिहिली नाहीत म्हणते मी. लिहिली होती की हो! आणि बाई मी, ती वाचायला आज बसले!

तर उद्या प्रभाकरला मी 'नाही' म्हणणार. तो दुखावेल, त्याला पोटभर जेवू घालीन. प्रस्तावना गेली तर जाऊ द्या. पुण्याचा प्रकाशक गेला तर आपला स्टेशनरोडचा छापखाना आहे, त्याच्या अक्षरांचे खिळे झिजलेत, शाई हाताला लागते, पण त्याला या सगळ्यांची नावं छापायची सवय आहे. 'विशेष'ची तीन प्रकरणं आधी छापू, जशी तुटली तशीच, कोणी पुरी करायची नाहीत. आणि त्यांच्या पाठोपाठ, परिशिष्टात नाही, चौथं प्रकरण म्हणून, ही सगळी लग्नं. प्रभाकर म्हणेल, काकू, हे शास्त्रात बसत नाही. मी म्हणेन, हसतील त्यांना हसू दे, पण सरांच्या माणसांना तू वधू आणि वर करू नकोस.

कागद मात्र आपल्याकडे नाहीत. म्हणून तुम्हाला शब्द देते. लग्नसराई लागायच्या आत मी निघणार. अमडापूर, मेहकराकडची गावं, मग रस्ता नेईल तिकडे. घरोघर ट्रंका उघडायला लावीन, गुलाबी कागद उतरवून घेईन आणि ज्याचा त्याला परत देईन. कागद हरवला असेल तिथं त्यांना म्हणायला लावीन, पाठ आहेत सगळ्यांना. गुडघे दुखतात, पण जाईन. आणि सगळ्यात आधी त्या विमलाचं घर शोधीन. तिच्या लग्नात तुम्ही तयार कागदच दिला होतात ना? तिला विचारीन, तुले काय आवडते, बाई? जे सांगेल ते लिहून घेईन, आणि तुम्हाला जमलं असतं तसं मला जमो न जमो, तिचं कडवं मी स्वतः रचीन.

तुमची,
गोकर्णा